कोरड्या जागांचा नकाशा

त्या सकाळी पांढरमाळच्या शाळेच्या भिंतीवर गावाखालची जमीन दिसत होती. उजेड अडवायला खिडक्यांना सतरंज्या टांगल्या होत्या. घरं, देऊळ, रस्ते काचेवर काढल्यासारखे पुसट तरंगत होते आणि त्यांच्याखाली तांबड्या-काळ्या खडकांचे थर एकाखाली एक उतरत गेले होते. त्या थरांत कुठं फिकट तर कुठं गर्द निळे डाग होते. निळं म्हणजे पाणी. तेजल बोटानं चित्र फिरवायची, तसा अख्खा गाव परातीसारखा कलायचा आणि पुढच्या रांगेतल्या बायकाही नकळत एका अंगाला कलायच्या.

"ही गर्द निळी जागा बिरोबाच्या माळावर येते," तेजल म्हणाली. "बोअरची गाडी इथं लावायची, असं नकाशा सांगतोय."

मागच्या भिंतीला टेकून बसलेले सोपानआप्पा वीरकर पुढं सरकले.

तेजल त्यांची सून. भूगर्भशास्त्र शिकलेली. तालुक्याच्या भूजल कक्षात चाळीस गावांचं काम तिच्याकडं होतं. आप्पा स्वतः पाणाड्या. निदान सहा वर्षांपूर्वीपर्यंत तरी होते. तळहातावर नारळ उभा धरून ते रान तुडवायचे आणि थांबतील तिथं लोक बोअर पाडायचे. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दावर गाड्या यायच्या. मग 'तळपट' आलं आणि नारळ संपला.

हे नाव ठेवणाऱ्याला मराठी बेताचंच येत असावं. तळाचा पट म्हणून तळपट, असा त्याचा हिशेब. पण 'तुझं तळपट होवो' हे शिव्याशाप ऐकत वाढलेल्या माणदेशात पहिले दोन महिने लोक नुसतं हसतच होते. पुढं हसू थांबलं, कारण ते खरंच कामाचं निघालं. पूर्वी पावसाची आकडेवारी एका खात्याच्या कपाटात असायची, विहिरींची पातळी दुसऱ्याच्या आणि खडकांची माहिती तिसऱ्याच्या. प्रत्येकाची मांडणी वेगळी, एकाचं दुसऱ्याला वाचता येत नसे. तळपटानं ते सगळं एका साच्यात आणलं आणि सर्वांना खुलं केलं. पाऊस किती पडला, जमिनीत वीज सोडली तर ती किती अडते, उपग्रहाला पृथ्वीची ओढ कुठं कमीजास्त जाणवते, कुठल्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, सगळं त्यात ओतलं जायचं आणि ज्याच्या हातात फोन त्याला आपल्या पायाखालचं दिसायचं. आता त्यानं दाखवल्याशिवाय कुठंही बोअर पाडायला बंदी होती.

"जुन्या बोअरी आटत चालल्यात, आन् गाडी एकदाच मिळणार हाय," सरपंच मंदाताई उभ्या राहून म्हणाल्या. "पाणी लागलं तर टाकी आन् नळ. न्हाई लागलं, तर कालव्याकाठच्या वसाहतीत जायचं. अख्खं गाव. तवा कुणाला काय म्हणायचं आसंल तर आत्ताच म्हणा."

कुणीतरी मागं वळून हसत ओरडलं, "आप्पा, तुमचा नारळ काय म्हणतोय?"

"नारळ आता चटणीला," आप्पा म्हणाले. सगळे हसले. तेजलही हसली.

आप्पांना मात्र हसू आलं नाही. भिंतीवरच्या त्या गर्द निळ्या डागात त्यांनी स्वतः दाखवलेल्या सात जागा होत्या. सातही कोरड्या गेल्या होत्या. आणि हे गावात दुसऱ्या कुणालाही एकगठ्ठा ठाऊक नव्हतं.

*

ज्याची बोअर फेल गेली, तो माणूस ती गाजवत नाही. वर दगड टाकतो, माती लोटतो आणि पुढच्या पेरणीत त्यावरून कुळव फिरवतो. शेजाऱ्यानं विचारलं तर "पाडलीच न्हाई, बेत रद्द केला" म्हणतो. आप्पांनाही ते सोयीचंच होतं. पाणाड्याचं नाव लागलेल्या पाण्यावर वाढतं. न लागलेल्याची वाच्यता झाली, की आपोआप उतरतं.

पण आप्पा स्वतःशी खोटं बोलत नव्हते. पंचविसाव्या वर्षी पहिली जागा दाखवली, तेव्हापासून त्यांनी एक वही ठेवली होती. नारळ फक्त लोकांसाठी होता. स्वतः ते गवत बघायचे, वारुळं बघायचे, मुरुमाचा रंग बघायचे आणि आपण बरोबर की चूक हे कळावं म्हणून प्रत्येक जागा लिहून ठेवायचे. कुणाचं रान, कुठल्या झाडापासून किती पावलं, किती फुटांवर काय खडक लागला. शेवटी एकच शब्द. 'लागलं' किंवा 'न्हाई'. ही वही त्यांनी बायकोलासुद्धा दाखवली नव्हती. ती वारून चार वर्षं झाली होती.

सभेहून परत आल्यावर त्यांनी तेजलला पडवीत गाठलं.

"पोरी, ती जागा नको."

तेजलनं चप्पल काढता काढता वर बघितलं. "का आप्पा?"

"माझं मन न्हाई घेत."

ती लग्न होऊन या घरात आली, त्याच्या पुढच्याच वर्षी तळपट आलं होतं. सासऱ्याचा धंदा बसला तो आपल्या हातानं, ही गोष्ट तिला टोचत होती, आणि आप्पांनी कधी एका शब्दानं ती बोलून दाखवली नव्हती, हे जास्तच टोचत होतं. दोघं एका घरात राहत, एका पंक्तीला जेवत, आणि पाण्याविषयी कधी बोलत नसत.

"आप्पा, तुमच्या मनाचा मान मी राखते," ती हळू आवाजात म्हणाली. "पण जिल्ह्याला जागा मंजूर करणाऱ्या बागवान साहेबांना मी काय लिहू? सासऱ्यांचं मन घेत नाही, असं?"

आप्पा आत निघून गेले. रविवारी फलटणहून मुलाचा, दत्ताचा फोन आला. शीतगृहात तो पाळीवर असायचा. त्यालाही कुणकुण लागली होती. "आप्पा, तिच्या कामात नका पडू," तो म्हणाला. "लोक म्हणतील, धंदा गेला म्हणून सुनेच्या वाटंत काटे टाकतोय."

आप्पा हो म्हणाले. पण गाडी यायला तीनच आठवडे राहिले होते. काही न बोलता गाव उठू द्यायचा, की आपलं नाव धुळीला मिळवायचं? गावात असे प्रश्न पूर्वी त्यांच्याकडं घेऊन लोक यायचे. त्यांना स्वतःला कुणाकडं जायचं ते सुचेना.

फोननंतर चौथ्या दिवशी दुपारी तेजल पडवीत टॅबलेट घेऊन बसली होती. आप्पांनी बियाण्याच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेली वही तिच्यापुढं ठेवली आणि ते उभेच राहिले.

तिनं पहिलं पान उलटलं. मग दुसरं. मग सावकाश विचारलं, "आप्पा, हे 'न्हाई' म्हणजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई लागलं."

"किती आहेत अशा?"

"तीनशे अकरातल्या एकशे त्रेचाळीस. आपल्या शिवारात चौऱ्याण्णव, त्यातल्या एक्केचाळीस." आप्पांनी वहीकडं बोट केलं. "बिरोबाच्या माळावर सात. बघ आता. हाय ही माझी अब्रू."

तेजल बराच वेळ पानं उलटत राहिली. तिनं मान वर केली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आप्पांना वाटलं होतं तसं काही नव्हतं.

"आप्पा, हे आमच्याकडं नाहीच आहे," ती म्हणाली. "अख्ख्या तळपटात नाही."

"काय न्हाई?"

"कोरड्या जागा." ती उठून उभी राहिली. "सांगते. तळपटाला गावातल्या काही ठिकाणचं पाणी माहीत असतं. मधल्या जागेचं काय, हे ते अंदाजानं भरतं. इकडं पाणी, तिकडं पाणी, मग मधेही असेल, असं. उपग्रहाचा इथं उपयोग नाही. त्याला जिल्ह्यातलं पाणी घटलं की वाढलं ते कळतं, एका बांधाखालचं कळत नाही. म्हणजे सगळी भिस्त बोअरच्या नोंदींवर. आणि नोंद कुणी करतो? ज्याला पाणी लागलं तो. शाळेनं फक्त पास झालेल्यांचीच यादी लावली, तर त्या शाळेत कुणी नापासच होत नाही असं वाटणार की नाही?"

"म्हंजे तुझ्या नकाशाला नापास ठावंच न्हाईत."

"नाहीत. आणि आणखी एक आहे." तिनं टॅबलेटवर एक बटण दाबलं. तो गर्द निळा डाग एकदम धुक्यात गेल्यासारखा मळकट झाला. "हे धुकं म्हणजे नकाशाला स्वतःला किती खात्री आहे ते. जितकं दाट, तितका तो चाचपडतोय. हे मला दिसत होतं, आप्पा. सभेत मी ते बंद ठेवलं. लोकांचा गोंधळ होतो, मंदाताईंनाही एकच ठाम जागा हवी होती. म्हणून."

 आप्पा खाली बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याशेजारी पडवीत बसले होते.

वही चाळता चाळता ती एका पानावर थांबली. "गजानन वीरकर. तीन जागा. तिन्हींपुढं 'न्हाई'." तिनं बोट तसंच ठेवलं. "हे आपले काका ना? पण त्यांनी तर तुम्ही दाखवलं तिथं पाडलीच नव्हती. गावात सगळे असंच सांगतात."

गजानन आप्पांचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी गाव सोडून अकलूजला गेला, तो परत या उंबऱ्यावर चढला नव्हता.

"मीच सांगितलं तसं," आप्पा म्हणाले. "त्या सालात माझं नाव लई वर हुतं. सख्ख्या भावाच्या रानात तीनदा फेल गेली म्हणल्यावर कोण इचारणार हुतं मला? पारावर कुणी तरी इचारलं, आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, म्या दावलं यका जागी, ह्यानं पाडली दुसऱ्या जागी. गजा तिथंच बसला हुता. काय बोलला न्हाई. उठून गेला."

*

वहीतल्या खुणा म्हणजे 'म्हसोबाच्या लिंबापासून उत्तरेला एकशे दहा पावलं' अशा. त्यातले अर्धे लिंब वाळून गेले होते, बांध फुटले होते. आप्पांनी स्वतः चालत दाखवल्याशिवाय त्या वहीचा कुणाला उपयोग नव्हता. तेजलनं रजा टाकली आणि दोघं सकाळी सातला निघू लागले. आप्पा पुढं, पावलं मोजत. तेजल मागं, जागेचे अक्षांश-रेखांश टिपणारं यंत्र घेऊन.

तळपटात निनावी नोंद चालत नसे. जागा कुणी दाखवली, रान कुणाचं, किती खोल, काय लागलं, नोंद कोण देतंय, सगळं भरावं लागायचं, आणि भरलेलं जगात कुणालाही वाचता यायचं. म्हणून रानाच्या आजच्या मालकाचा होकार हवा होता. आप्पांना याचीच धास्ती होती. एकेका दारात जाऊन म्हणायचं, की तुमची बोअर कोरडी गेली ती माझ्यामुळं.

पहिल्याच दिवशी तुकाराम गोंजारींच्या रानात ते उभे राहिले. तुकाराम आधी तोंड फिरवून म्हणाले, "हितं काय पाडलीच न्हवती."

"तुका, दोनशे साठ फूट. खाली काळा पाषाण. म्या उभा हुतो," आप्पा म्हणाले. "जागा माझी चुकली. तुझं काय न्हाई त्यात."

तुकारामांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "मला वाटलं, गाडी लावायच्या दिवशी घरात सुतक हुतं, म्या कुणाला बोललो न्हाई, म्हणून..." मग ते स्वतःच चालत गेले आणि पायानं माती सारून दगड दाखवला. "ही बघा. हितंच."

असं होत गेलं. कुणी नवस फेडला नव्हता म्हणून, कुणी बापाशी भांडून गाडी आणली म्हणून. प्रत्येकानं आपल्या कोरड्या बोअरला मनातल्या मनात एक कारण चिकटवून ठेवलं होतं, आणि ते कारण म्हणजे तो स्वतः. आप्पांना शिव्या देणारे दोघंच निघाले. आप्पांनी त्या मुकाट ऐकून घेतल्या. संध्याकाळी परत येताना ते तेजलला म्हणाले, "शिव्या बऱ्या वाटल्या गं. आंग हलकं झालं."

सातव्या दिवशी हौसाबाई कारंडेंचं रान आलं. हौसाबाई सत्तरीच्या. लग्न होऊन आल्या त्या साली सासऱ्यानं बोअर पाडली, ती कोरडी गेली, आणि तेव्हापासून त्या घरात पांढऱ्या पायाची म्हणूनच राहिल्या. सासू-सासरे गेले, नवरा गेला, तरी गावात पेरणीच्या मुहूर्ताला अजून कुणी त्यांना पुढं येऊ देत नसे. त्यांच्या रानात आप्पांच्या वहीत दोन जागा होत्या. दोन्ही 'न्हाई'. पाहुण्यांसारखं त्यांनी दोघांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि होकारही दिला.

"सासऱ्यानं पाडल्याली पण टाकता का त्यात?" त्यांनी विचारलं. "मला जागा ठावं हाय. माझ्याबिगर आता कुणालाच ठावं न्हाई."

तेजलनं तीही टिपली. शिवारातली चौऱ्याण्णव आणि ही एक.

*

दहाव्या दिवशी सकाळी तेजलनं सगळ्या नोंदी तळपटात सोडल्या. ते चित्र नव्यानं मांडायला पंधरा-वीस मिनिटं घेई. आप्पा शेळीला पाला टाकत होते. आतून तिची हाक आली, "आप्पा! लवकर या!"

पडद्यावर गावाचा पट तोच होता, पण निळ्या डागांचा पसारा मोडला होता. लागलेल्या जागा निळे ठिपके, कोरड्या जागा लाल ठिपके. सुटे सुटे बघितले तर शिवारभर कसेही सांडलेले. तेजलनं चित्र हळूहळू फिरवलं, आणि एका कोनात ते लाल ठिपके एका ओळीत आले. वायव्येकडून आग्नेयेकडं, बिरोबाच्या माळाखालून, गोंजारींच्या रानातून, हौसाबाईच्या बांधाखालून, गजाननच्या तुकड्यातून, आखणी करून मारल्यासारखी एक रेघ. बाकीचे लाल ठिपके त्या रेघेच्या पूर्वेला विखुरले होते.

"ह्ये काय हाय?"

"भिंत," तेजल म्हणाली.  "आपला सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा. भाकऱ्यांची चवड असते तसे. मधल्या पोकळ थरांतून पाणी आडवं वाहतं. पण फार पूर्वी खालून एक भेग पडली, तिच्यात लाव्हा वर चढला आणि उभा गोठला. चवडीत उभी सुरी खुपसावी, तशी घट्ट खडकाची भिंत. आम्ही डाइक म्हणतो. ही फार अरुंद आहे, म्हणून कुणाला दिसली नाही. डोंगरातून येणारं पाणी पश्चिमेकडून येऊन हिला अडतं आणि तिथंच तुंबतं. पूर्वेला जातच नाही."

आप्पांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. एकेका लाल ठिपक्याला त्यांना चेहरा होता. तीस वर्षं ते त्या भिंतीला डोकं आपटत होते, आणि ती तिथं आहे हे त्यांच्या वहीनंच आज दाखवलं होतं.

"मग पाणी कुटं?"

तेजलनं भिंतीच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या खिंडीच्या वरच्या अंगाला बोट ठेवलं. आप्पांचे डोळे विस्फारले. ते रान चुनखडीचं, पांढरंफटक. तिथं कुसळसुद्धा धड उगवत नसे. जन्मात त्यांनी तिथं नारळ उचलला नसता.

"खात्री?"

तिनं या वेळी धुकं बंद केलं नाही. "शंभरात बहात्तर," ती म्हणाली.

*

जागा बदलायची तर ग्रामसभा हवी होती. बागवान साहेब जिल्ह्याहून मुद्दाम आले. चांगला माणूस, पण काटेकोर. "कोरड्या नोंदींच्या भरवशावर मंजूर जागा बदलायची?" त्यांनी विचारलं.

"कोरड्या आहेत म्हणूनच, साहेब," तेजल म्हणाली. "आणि पहिल्या वेळी मी खात्रीचा पडदा बंद ठेवला होता, ही माझी चूक. ती इतिवृत्तात घ्या."

"नोंदी देणारा कोण?"

आप्पा उठले.  ज्या गावानं त्यांना तीस वर्षं फेटे बांधले, ते सगळं समोर बसलं होतं.

"म्या," ते म्हणाले. "तुमी मला लागलेल्या पाण्यावरनं वळखता. न लागलेली ही एक्केचाळीस. सगळी माझ्या हातची, आन् म्या ती झाकली. माझ्या भावावर म्या आळ घेतला. गजानं म्या दावलं तिथंच पाडली हुती. तिन्ही. म्या खोटं बोललो. तळपटात तसं लिवून ठेवलंय, माझ्या नावानिशी. आता तुमी काय म्हणायचं ते म्हणा."

 भिंतीवर ती लाल ठिपक्यांची रेघ तशीच होती. मग मागच्या रांगेतून हौसाबाई उठल्या. पदर सावरत भिंतीपाशी गेल्या.

"माझं रान कुठलं गं ह्यात?"

तेजलनं दाखवलं. रेघ बरोबर त्यांच्या बांधाखालून जात होती.

"ही भिंत कधीची?"

"साडेसहा कोटी वर्षांची, आजी."

हौसाबाई तो ठिपका बघत राहिल्या. "म्हंजे माझ्या पायाचं न्हवतं तर," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही. पण शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. मंदाताईंनी त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी खुर्चीवर बसवलं.

त्यानंतर मागून एक जण उठला. "माझी पण घ्या. आप्पानं दावलेली न्हाई, दुसऱ्याची हुती. दोनशे फूट, कोरडी." मग आणखी एक. मग शाळेचे शिपाई. तासाभरात आणखी अकरा कोरड्या बोअरी पुढं आल्या. लोक आपापल्या फेल गेलेल्या जागा अशा सांगत होते, जशी दुखणी डॉक्टरला सांगावीत. तेजल एकेक टिपत होती. अकरा जणांचं सांगून झालं. बारावे बागवान साहेब स्वतः होते. "आमच्या गावी वडिलांचीही एक आहे," ते म्हणाले. "बुजवलेली. घरी जाऊन नोंदवतो." आणि त्यांनी बदललेल्या जागेवर सही केली.

अकरा नव्या ठिपक्यांनी भिंत आणखी ठळक झाली. बहात्तरचे एक्क्याऐंशी झाले.

*

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली. चुनखडीच्या त्या ओसाड रानात अख्खं गाव जमलं होतं. बायकांनी भाकरी बांधून आणल्या होत्या. दत्ता पाळी बदलून आला होता.

साठ फुटांपर्यंत पांढरी धूळ उडाली. मग करडी. शंभर फुटांवर काळा पाषाण लागला आणि गाडीचा आवाज बदलला. आप्पांनी तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता. कोरड्या बोअरचा आवाज. एकशे चाळीस, तोच. एकशे साठ, तोच.  तेजल आप्पांच्या शेजारी उभी होती. 

"आप्पा, उरलेले एकोणीस असले तर?"

आप्पांच्या मनातही तेच होतं. पण ते म्हणाले, "तर त्योबी ठिपका टाकायचा. लाल."

एकशे ऐंशीच्या पुढं धुळीला तांबडी झाक आली. आप्पा वाकले आणि त्यांनी चिमूटभर भुगा बोटांत चोळला. मांजऱ्या खडक. पोकळ. पाण्याचा खडक. भुगा बोटांना चिकटत होता. त्यांनी तो तसाच तेजलच्या तळहातावर ठेवला. दोनशे दहा फुटांवर भुग्याचा चिखल झाला, आणि दोनशे अठराला पाइपातून तांबडं पाणी उसळून वर आलं, बायकांच्या अंगावर पडलं, भाकरीच्या फडक्यांवर पडलं. कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी रडलं. तुकाराम गोंजारी टोपी काढून नुसतेच उभे राहिले.

पाणी गढुळाचं हळूहळू निवळ झालं. गाडीवाल्यानं मोजलं. साडेतीन इंची. कालव्यासारखं नव्हे, उसाला पुरेल असंही नव्हे. पण टाकीला, नळाला, जनावरांना पुरून उरेल इतकं. मंदाताईंनी तिथंच उभं राहून वसाहतीचा कागद घडी करून पिशवीत घातला. तेजल खडकावर मटकन बसली. दत्ता तिच्यासाठी पाणी शोधू लागला आणि पाणी समोर उसळत असताना बाटली शोधतोय म्हणून लोक त्याला हसले.

आप्पा गर्दीतून बाजूला झाले. तेव्हा त्यांना खिंडीच्या वाटेवर एक मोटरसायकल उभी दिसली आणि तिच्याजवळ एक पांढऱ्या केसांचा माणूस. उभं राहण्याची ढब त्यांनी लांबूनच ओळखली.

ते जवळ गेले. गजाननच्या हातात फोन होता.

"रान इकलं तरी जुन्या सातबाऱ्यावर माझा नंबर हाय अजून," गजानन म्हणाला. "तळपटातनं निरोप आला. तुमच्या रानात नवी नोंद झाली म्हणून. वाचली." त्यानं फोन वर धरला आणि वाचून दाखवलं. "'जागा दाखवणारा सोपान वीरकर. मालकानं दाखवल्या जागीच पाडली. कोरडी.' तीनदा लिवलंय."

"तीन हुत्या," आप्पा म्हणाले. 

"दादा, तुला एक ठावं हाय का?" गजाननानं फोन खिशात टाकला. "पैली चार-पाच वर्सं मला राग हुता. पुढं पुढं मलाच वाटाया लागलं, की म्याच खूण चुकलो आसंन. आंब्यापासून मोजायचं ते चिंचंपासून मोजलं आसंन. पोरांनाबी म्या तसंच सांगत आलो. तुमचा बाप येंधळा म्हणून गाव सुटलं."

आप्पांना हात पुढं करायचा होता. तो झाला नाही. बावीस वर्षांचं ओझं एका नोंदीनं उतरलं असं त्यांना वाटलं होतं, पण त्यातलं निम्मं दुसऱ्याच्या पाठीवर होतं हे आत्ता कळत होतं.

"गजा, म्या काय म्हणू?"

"आत्ता काय म्हणू नको." गजाननानं बाहीनं डोळे पुसले आणि पाण्याकडं, नाचणाऱ्या पोराबाळांकडं बघितलं. "पहाटं निघालोय. पोटात काय न्हाई. तुझ्याशी भांडायचं हाय मला, चांगलं तासभर. पण आधी जेवू."

"तासभर?" आप्पा म्हणाले.

"दोन तास."

आप्पांनी मान हलवली.  त्यांनी तेजलला हाक मारली, गजानन आलाय, भाकरी वाढ म्हणून, आणि भावाला घेऊन ते बांधावरच्या सावलीकडं चालू लागले. बायको गेल्यापासून त्या घरात त्यांच्याशी भांडणारं कुणी उरलं नव्हतं.